एका कुत्र्याचे दोन साज

जगाचा सगळा इतिहास म्हणजे दोरीचं एक टोक कुणाच्या हातात आणि दुसरं कुणाच्या गळ्यात, याचीच नोंद होय. हे वाक्य मी जळगावच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला एकोणीस वर्षं सांगत आलो आहे. मुलं ते उतरवून घेतात आणि परीक्षेत मलाच परत करतात. मोऱ्या घरी आला तेव्हा कळलं, की दुसरं टोक गळ्यातच असलं पाहिजे असं काही नाही. ते छातीवरून आणि काखेतून फिरवून पाठीवरही आणता येतं. त्याला हार्नेस म्हणतात. तो निळ्या आणि गुलाबी अशा दोन रंगांत मिळतो आणि धुता येतो.

मोऱ्याला आबांनी आणलं. आबा म्हणजे माझे वडील, सुकदेव आबा. धुळ्याजवळच्या गावात त्यांनी पंचावन्न वर्षं शेती केली. दोन वर्षांपूर्वी गुडघे नाही म्हणाले, तेव्हा शेत चुलतभावाने कसायला घेतलं, बैलजोडी विकली गेली आणि आबा आमच्याकडे राहायला आले. जळगावात त्यांची सोय उत्तम होती. सकाळी कॉलेजला निघताना मी म्हणायचो, "बसा आबा." बँकेत जाताना माझी बायको हेमांगी म्हणायची, "बसा आबा." धुणं-भांड्याला येणारी कामिनी फरशी पुसताना म्हणायची, "आबा, पाय वर घेऊन बसा." आबा वर्षभर बसले. मग एक दिवस उठून नाल्यापर्यंत गेले आणि येताना कपाळावर पांढरा ठिपका असलेलं एक तांबडं पिल्लू घेऊन आले.

"हे कशाला, आबा?" हेमांगीने विचारलं.

"हाऊ बसू देत नही," आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले.

आमची मुलगी ऋतिका पुण्याला शिकते. तिने व्हिडिओ कॉलवर पिल्लू पाहून त्याचं नाव मिलो ठेवलं. आबांनी मोऱ्या ठेवलं. विकलेल्या जोडीतल्या एका बैलाचं तेच नाव होतं, आणि त्याच्याही कपाळावर ठिपका होता. पिल्लू दोन्ही नावांकडे सारखंच दुर्लक्ष करत मोठं झालं.

रोज संध्याकाळी साडेसहाला आबा चपला घालत, मोऱ्याच्या गळ्यात बैलाच्या जुन्या कासऱ्याचा तुकडा बांधत आणि दोघं कॉलनीच्या चार गल्ल्या फिरून येत. दिवसभरात आबांना कुणी "या" किंवा "जा" म्हणावं असं हे एकच काम होतं. ते त्यांनी कधी चुकवलं नाही. पाहुणे बसलेले असले तरी साडेसहाला ते, "मन्हं काम शे," असं म्हणून उठत. ते वाक्य ते गरजेपेक्षा थोडं मोठ्याने म्हणत.

जुलैत सगळं सुरळीत होतं. मोऱ्या आबांच्या पायाशी पाय लावून चालायचा. सप्टेंबरात तो ओढायला लागला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने एवढा हिसका दिला, की चौथ्या गल्लीत दाल मिलवाल्या भंवरलालजींच्या फाटकासमोर आबा रस्त्यात बसले. कोपर खरचटलं आणि धोतराला डांबर लागलं. "पडलात?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला आबांनी, "नही, बसनू," असं सांगितलं. त्यांना इतके दिवस बसायला सांगणाऱ्यांपैकी एकालाही ते आवडलं नाही.

त्या रात्री जेवताना हेमांगीने निर्णय दिला. बँकेत ती कर्ज विभागात आहे. तिचे निर्णय मुदतीसह येतात.

"आबा, रविवारपर्यंत काहीतरी व्यवस्था करा. नाही झाली, तर मोऱ्या भंवरलालजींच्या दाल मिलवर जाईल. त्यांनी स्वतः विचारलंय. तुमचं हाड मोडलं तर या वयात जुळायचं नाही."

आबांनी भाकरीचा तुकडा वांग्याच्या भरतात बुडवला, काढला आणि पुन्हा बुडवला.

"आणि संध्याकाळी तुम्ही गच्चीवर बसा," हेमांगी म्हणाली. "छान वारा असतो."

आबा ताटावरून उठले. भरीत उरलं होतं. आमच्या घरात याआधी भरीत उरल्याची नोंद नाही.

व्यवस्था म्हणजे काय, यावर दुसऱ्या दिवसापासून मतं यायला लागली. ऋतिकाने पुण्याहून सांगितलं, की गळ्यात दोरी बांधणं हा अत्याचार आहे, मिलोच्या श्वासनळीवर दाब येतो, म्हणूनच तो घाबरून पळतो, आणि हार्नेसशिवाय दुसरा विचारही करू नका. "आबा, तुम्ही मला शब्द द्या, गळ्याला काही बांधणार नाही." आबांनी शब्द दिला. नात मागेल ते आबा देतात, आणि शब्दाला खर्च नसतो असं त्यांना त्या वेळी वाटलं.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी पट्टा आणि हार्नेस दोन्ही चांगले असल्याचं सांगितलं आणि जंताचं औषध दिलं. मोऱ्या वयात येतोय म्हणून ओढतो, असंही ते म्हणाले. निघताना त्यांनी आठवण करून दिली, की त्याला पाकिटातल्या खाऊशिवाय बाहेरचं काही देऊ नका. ही आठवण अनावश्यक होती. हेमांगीने ती सूचना आधीच लाल पेनाने लिहून फ्रिजवर चिकटवली होती.

मग मी आबांना दुकानात घेऊन गेलो. दुकानदार तरुण होता. त्याने काउंटरवर निळा हार्नेस पसरला.

"आबा, हा घ्या. गळ्यावर अजिबात ताण येत नाही. सगळा जोर छातीवर आणि खांद्यावर."

आबांनी हार्नेस उलटा केला, सुलटा केला, बक्कल उघडून पाहिलं.

"भाऊ, हाई ते ओढानं शे."

"ओढायचं नाही आबा, ओढू नये म्हणून आहे."

"खांदावर दिधं का जनावर ओढस. बैलसले आम्ही दुसरं काय करतस?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी इतिहासाचा माणूस असल्यामुळे भिंतीवरच्या मांजरीच्या चित्राकडे पाहिलं.

"मग पट्टा घ्या ना आबा. हा लेदरचा बघा, वर्षानुवर्षं टिकतो."

चामड्याचा पट्टा घेऊन आम्ही कॉलनीपर्यंत आलो, पण घरी पोचलो नाही. वाटेत भंवरलालजींच्या पत्नी प्रेमकुंवरबाई फाटकात उभ्या होत्या. त्यांनी पट्टा पाहिला आणि हात मागे घेतला.

"अरे देवा, चामडं? आबा, आमच्याकडे चामडं चालत नाही. याला हात कसा लावू मी?"

मोऱ्याला हात लावण्याचं प्रेमकुंवरबाईंना काय कारण, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. आबा मात्र घाईने म्हणाले, "बराबर शे, परत करतो," आणि मला जवळजवळ ओढतच दुकानाकडे घेऊन गेले.

गळ्याला नाही, कारण नातीला शब्द दिलेला. खांद्याला नाही, कारण पंचावन्न वर्षांचा अनुभव. चामडं नाही, कारण शेजार. गुरुवार उजाडला तरी मोऱ्या कासऱ्यावरच होता आणि आबा त्याला अंगणातल्या अंगणात फिरवत होते. शुक्रवारी सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून माझ्यासमोर उभे राहिले.

"ललित, धुळाले चाल. लोटनकडथाईन करी लयूत."

लोटन म्हणजे धुळ्याच्या बाजारात बैलांचा साज करणारा माणूस. कासरे, मोरख्या, घुंगरमाळा, पोळ्याचे गोंडे, सगळं त्याच्याकडे. जळगावहून धुळ्याला एसटीने अडीच तास लागतात. कुत्र्याच्या पट्ट्यासाठी अडीच तास जायचं आणि अडीच तास यायचं, हे मी कॉलेजात कुणाला सांगितलं नाही. रजेच्या अर्जावर 'घरगुती कारण' लिहिलं.

लोटनने आबांना पाहिलं आणि हातातली सुतळी सोडून उठला.

"राम राम आबा! बैल लिधात का काय?"

"नही रे. कुत्रासाठे साज कर."

लोटनने आधी आबांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "आते जळगावमां कुत्रा जुपतस का नांगरले?"

"ट्रॅक्टरचं डिझेल महाग झालंय," मी म्हणालो. शिकलेल्या माणसाने अशा वेळी काहीतरी बोलायचं असतं.

लोटनने विनोद बाजूला ठेवला आणि कामाचा प्रश्न विचारला. पट्टा आणि हार्नेस यांवर ऋतिका, डॉक्टर आणि दुकानदार मिळून जेवढं बोलले होते, ते सगळं त्या एका प्रश्नात होतं.

"आबा, त्याले ओढाडनं शे का थांबाडनं शे? ओढाडनं व्हई ते खांदावर बांध. थांबाडनं व्हई ते गळामां."

आबांनी समोरचा एक कासरा हातात घेतला आणि परत ठेवला. मग म्हणाले, "नातले शब्द दिधा शे."

"मंग खांदावर," लोटन म्हणाला आणि माप मागितलं. आबांनी खिशातून दोन गाठी मारलेली सुतळी काढली. मोऱ्याची छाती या गाठीपासून त्या गाठीपर्यंत होती.

काम व्हायला दोन तास लागले. आबा दुकानासमोर पोत्यावर बसले. बाजारातून जाणारी ओळखीची माणसं थांबत होती आणि प्रत्येक जण एकच विचारत होता, "बैल लिधात का आबा?" मी मोजले, अकरा जणांनी विचारलं. आबांनी एकालाही नाही म्हटलं नाही. "देखू," असं म्हणत आणि दाढीवरून हात फिरवत. जळगावात दोन वर्षांत इतक्या माणसांनी त्यांना काही विचारलं नव्हतं.

लोटनने पिशवी हातात दिली. मी आत पाहिलं. मऊ सुताचा विणलेला साज, पाठीवर लाल गोंडा, छातीवर पितळेची तीन घुंगरं. खाली तसाच आणखी एक साज.

"दोन कसे?"

"एकलं मी करत नही, सर."

"पण आमचा कुत्रा एकच आहे."

"तो तुम्हनं काम शे," लोटन म्हणाला. "मन्हा बापनी कधी एकला बैलना साज इका नही. एकलं घरमां लई गयं म्हंजे लोके समजतस, जोडीना दुसरा मरी गया."

मी आबांकडे पाहिलं. आबा मान डोलावत होते. "बराबर शे," ते म्हणाले. "एकलं कसं लई जावानं?"

मी एम.ए. आहे. दोन्ही साजांचे पैसे देऊन आम्ही बस पकडली.

शनिवारी सकाळी हेमांगीने पिशवी उघडली. एक साज टेबलावर ठेवला, दुसरा त्याच्या शेजारी ठेवला.

"हा दुसरा कुणासाठी?"

"जोडी शे," आबा म्हणाले.

"कुणाची जोडी?"

"साजनी."

"आबा, तुम्ही दुसरा कुत्रा आणणार आहात?"

"मी कोठे म्हननू?"

"अहो, तुम्ही काही बोलणार आहात का?" हा प्रश्न मला होता. लोटनच्या वडिलांचं तत्त्व हेमांगीला समजावून सांगण्याचा मी विचार केला आणि विचारावरच थांबलो. आबांनी दुसरा साज उचलून दाराजवळच्या खिळ्याला, छत्रीशेजारी अडकवला. दार उघडलं की घुंगरं वाजत. दिवसभरात तीन वेळा मोऱ्या दारात जाऊन कोण आलं ते पाहून आला.

रविवारी परीक्षा ठरली. भंवरलालजींनाही बोलावलं होतं, कारण मोऱ्या नापास झाला तर त्याला ते घेऊन जाणार होते. ते पांढऱ्या सफारीत, रिकामी चेन हातात घेऊन आले आणि आल्या आल्या घड्याळ पाहिलं.

"सर, पावणेसहा झाले. लवकर उरका. सूर्य मावळला की आम्ही पाणीसुद्धा घेत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"दहा मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो.

ऋतिका मोबाइलमध्ये होती आणि मोबाइल हेमांगीच्या हातात होता. आबांनी मोऱ्याला साज चढवला. गोंडा नीट केला. दोन्ही हातांनी दोर धरला आणि अंगणाबाहेर पाऊल टाकलं. मी श्वास रोखला. आबांनीही रोखला असावा, कारण त्यांचा आवाज निघाला तो पुटपुटल्यासारखा. "हळू रे, मोऱ्या. हळू."

मोऱ्या हळू चालला. पोळ्याच्या मिरवणुकीतल्या बैलासारखा, घुंगरं वाजवत, मान हलवत, एका लयीत चालला. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन दोघं परत आले. दोराला ताण म्हणून नव्हता. शेजारच्या बाल्कनीतून कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

"बघितलंत?" मोबाइलमधून ऋतिका ओरडली. "मी म्हटलं होतं ना! हार्नेस!"

हेमांगीचा चेहरा सैल झाला. आबांच्या चेहऱ्यावर मात्र आनंदापेक्षा आश्चर्य जास्त होतं. पंचावन्न वर्षांचा अनुभव एका गोंड्याने खोटा पाडला होता. इथे परीक्षा संपायला हवी होती. पण मी इतिहासाचा माणूस. एकाच पुराव्यावर निष्कर्ष काढू नये, असं मी पहिल्या वर्षाला शिकवतो.

"थांबा," मी म्हणालो. "हा साजाचा गुण आहे की मोऱ्याचा मूड, हे कसं कळणार? तुलना करायला हवी. आता गळ्यात कासरा बांधून त्याच रस्त्याने जाऊ. यावेळी दोर मी धरतो."

"गरज काय?" हेमांगी म्हणाली.

"पद्धत म्हणून."

साज काढणं, कासरा शोधणं, गाठ मारणं यात वेळ गेला. भंवरलालजींनी तीनदा घड्याळ पाहिलं. आम्ही फाटकाबाहेर पडलो तेव्हा समोरच्या पाण्याच्या टाकीमागे सूर्य अर्धा उरला होता.

मोऱ्याने एकदा आकाशाकडे पाहिलं आणि निघाला.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. पहिल्या गल्लीत माझी डावी चप्पल राहिली. दुसऱ्या गल्लीत, "पाहिलंत, गळ्याला बांधलं की असंच होतं!" हा ऋतिकाचा आवाज मागे पडत गेला. तिसऱ्या गल्लीत माझ्या लक्षात आलं, की माझ्या बरोबरीने आणखी कुणीतरी धावतंय. ते भंवरलालजी होते. सफारी सावरत, चेन हातात घट्ट धरून, सूर्याकडे डोळे लावून ते धावत होते. त्यांच्या गळ्यात काही नव्हतं, खांद्यावर काही नव्हतं, तरी त्यांचा वेग मोऱ्याएवढाच होता. तिघंही एकाच वेळी एकाच फाटकाशी पोचलो.

प्रेमकुंवरबाई फाटकात उभ्या होत्या. त्यांच्या हातात तूप लावलेली पोळी होती.

"किती उशीर!" त्या म्हणाल्या. भंवरलालजी, "आलो, आलो," म्हणत आत घुसले. पण ते वाक्य त्यांना नव्हतं. प्रेमकुंवरबाई खाली वाकल्या. मोऱ्या शहाण्या मुलासारखा त्यांच्या पायाशी बसला होता. "हा तर आधी रोज वेळेवर यायचा. हल्ली काय झालंय त्याला?"

मागून हेमांगी आली. तिच्यामागे आबा, एका हातात साज घेऊन. घुंगरं वाजत होती.

"तुम्ही याला रोज पोळी देता?" हेमांगीने विचारलं.

"रोज म्हणजे? पावसाळ्यापासून. पहिली पोळी गायीची, शेवटची कुत्र्याची. सासूबाईंपासून चालत आलंय. सूर्य मावळायच्या आत आमचं स्वयंपाकघर बंद, मग शेवटची पोळी घेऊन मी इथे उभी राहते. सूर्य गेला की देत नाही, आत जाते."

हेमांगी बँकेत कागद वाचते तसं तिने हे मनात वाचलं. जुलैत सूर्य सात-सव्वासातला मावळत होता. आबा साडेसहाला निघून चार गल्ल्या फिरून फाटकाशी पोचत तेव्हा पोळी तयार असायची. सप्टेंबरात सूर्य लवकर जायला लागला. ऑक्टोबरात तो सहा-सव्वासहाला जात होता, आणि आबा अजूनही साडेसहालाच चपला घालत होते. त्या आठवड्यात मोऱ्या रोज उपाशी परत येत होता.

"आबा," हेमांगी म्हणाली. "तुम्हाला पोळीचं माहीत होतं?"

आबांनी साज या हातातून त्या हातात घेतला.

"माहीत होतं ना?"

"फ्रिजवर लिखेल शे ना तू, बाहेरनं देऊ नका म्हनीसन," आबा म्हणाले. "लाल पेननी."

"म्हणून तुम्ही धुळ्याला जाऊन आलात? मला सांगायला घाबरलात म्हणून?"

"धुळाले जावानं व्हतंच," आबा म्हणाले आणि गोंड्यावरची धूळ झटकायला लागले.

आतून भंवरलालजींचा आवाज आला, तोंडात घास असावा. "सर, मग कुत्रा न्यायचा की नाही मिलवर?"

हेमांगीने मोऱ्याकडे पाहिलं. तो शेवटचा तुकडा चावत होता. मग तिने आबांकडे पाहिलं. आबा मोऱ्याकडे पाहत होते आणि दोर त्यांच्या हातात नव्हता.

"नाही, भंवरलालजी," ती म्हणाली. "चेन घेऊन जा परत." मग मला म्हणाली, "अहो, तुमची चप्पल कुठाय?"

खाऊचं पाकीट आता कामिनीच्या गल्लीतल्या कुत्र्यांना जातं. ऋतिका मैत्रिणींना सांगते की हार्नेसमुळे मिलो सुधारला, आणि आम्ही तिला दुरुस्त करत नाही. दोन्ही साज दाराजवळच्या खिळ्याला आहेत. दिवाळीत आलेल्या पाहुण्यांनी बैल कुठे बांधले म्हणून विचारलं, तेव्हा आबा म्हणाले, "देखू." मोऱ्या त्यांच्यासोबत फिरायला जातो तेव्हा त्याच्या गळ्यात किंवा खांद्यावर काही नसतं. फ्रिजवरची सूचना काढून हेमांगीने तिथे कॅलेंडर लावलं आहे.

उद्या सूर्यास्त पाच वाजून पंचेचाळीस मिनिटांनी आहे.